ख्रिस्ताने सोडवले, तरी घर बांधलेलेच का?

कोल्हापूरच्या एका विश्वासणाऱ्या बहिणीचा प्रश्न थोडक्यात असा : “प्रभूने आपल्याला दास्यातून सोडवले, असे दर रविवारी ऐकतो. पण नवऱ्याची दारू सुटत नाही. सासऱ्यांच्या आजारपणात खासगी सावकाराकडून पन्नास हजार घेतले, ते फिटत नाहीत. नणंद म्हणते, घरावर करणी आहे, वर पिढीजात शाप आहे; शुक्रवारच्या सुटकेच्या सभेला चला, एका रात्रीत सगळे तुटेल. आमचाच विश्वास कमी पडतो का? सभेला जावे का?”

ताई, विश्वास कमी पडला म्हणून हे चालले आहे, हा विचार आधी मनातून काढून टाका. तुमच्या घरात चार वेगळ्या गाठी एकमेकींत अडकल्या आहेत : पाप, व्यसन, कर्ज आणि भीती. चारही प्रभूच्याच अधिकाराखाली आहेत, पण चारही एकाच रीतीने सुटत नाहीत. मंडळ्यांमध्ये घोटाळा होतो तो बहुधा इथेच. कर्जाला भूत समजून घराच्या चौकटीला तेल लावले जाते, आजाराला पाप समजून कबुली मागितली जाते, आणि खरोखरीचे पाप मात्र ‘सैतानाने करवले’ म्हणून झाकले जाते.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. इस्राएल लोक मिसर देशात ४३० वर्षे राहिले. त्यांची सुटका सुरू झाली ती त्यांनी उपास केले किंवा पात्रता मिळवली म्हणून नव्हे. ते कण्हत होते, देवाने ते कण्हणे ऐकले आणि पूर्वजांशी केलेला आपला करार आठवला, एवढेच कारण निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी दिले आहे. पाचव्या अध्यायात तर मोशे फारोला भेटून आल्यावर हाल वाढतात. विटांसाठी लागणारा पेंढा मिळणे बंद होते, पण रोजच्या विटांची संख्या तेवढीच राहते. वीटभट्टीवर राबलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. म्हणून सुटकेची प्रार्थना सुरू केली आणि त्याच आठवड्यात घरातला ताण वाढला, तर देवाने पाठ फिरवली असे समजू नका. पकड सैल होते आहे असे दिसले की फारो आधी बोजा वाढवतो.

‘माझ्या लोकांना जाऊ दे’ हे देवाचे वाक्य सगळ्यांना पाठ असते, पण ते तिथे संपत नाही. त्यांनी माझी सेवा करावी म्हणून त्यांना जाऊ दे, असे ते पूर्ण वाक्य आहे. सुटका म्हणजे धनी बदलणे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हेच सांगतो : पूर्वी तुम्ही पापाचे दास होता, आता नीतिमत्त्वाचे दास झाला आहात. कोणाचाच नसलेला, मोकाट माणूस पौलाला ठाऊक नाही. वधस्तंभावर आपली मालकी बदलली. वल्हांडणाचा कोकरा म्हणून ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले. बाप्तिस्म्यात आपण ते स्वीकारतो, प्रभुभोजनात त्याचे स्मरण करतो. त्यात भर घालायला कोणत्याही खास सभेची, अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीची किंवा चाळीस दिवसांच्या उपासाची गरज नाही. तुमच्या नवऱ्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवला असेल तर दारू पीत असतानाही तो सैतानाच्या मालकीचा नाही. नव्या धन्याच्या घरात राहून जुन्या धन्याचा हुकूम पाळणारा तो माणूस आहे, आणि ते बदलता येते.

पण बदलायला वेळ का लागतो? निर्गमाच्या तेराव्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर प्रवचन क्वचितच होते. पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती, तरी देवाने लोकांना त्या वाटेने नेले नाही; लढाई दिसताच हे माघारी मिसरात पळतील, हे त्याला ठाऊक होते. तांबडा समुद्र एका रात्रीत ओलांडला, आणि जेमतेम महिन्याभरात लोकांना मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवू लागल्या. पुढे गणना ११ मध्ये काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण यांची यादीच आहे. चाबूक विसरला, चव आठवली. व्यसन सुटलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत नेमके हेच होते. देवालाच हे आधी माहीत होते, तर आपण त्याचा धक्का बसल्यासारखे का वागावे?

आणि लाजर. योहान ११ मध्ये येशूने हाक मारली आणि मेलेला माणूस कबरेतून बाहेर आला, पण हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. जीव देणे प्रभूने स्वतः केले. पट्ट्या सोडायचे काम मात्र त्याने जवळ उभ्या असलेल्यांना सांगितले : ह्याला मोकळे करा आणि जाऊ द्या. आजच्या विश्वासणाऱ्यांसाठी सुटकेचा अर्थ या दोन कामांत आहे. पहिले आपल्याला करता येत नाही. दुसरे प्रभू आपल्याऐवजी करत नाही. ‘सुटलास, आता साक्ष दे’ म्हणून पट्ट्यांसकट माणसाला घरी पाठवणारी मंडळी आपले अर्धे काम सोडून देते.

आता दारू. यावर सविस्तर लिहितो, कारण इथली चूक जिवावर बेतते.

व्यसन हे पाप की आजार, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. खोटे बोलणे, मारहाण, पोरांच्या फीचे पैसे उडवणे ही पापे आहेत. त्यांची कबुली हवी, भरपाई हवी. जक्कयाने चौपट परत देईन म्हटले, तेव्हा त्याच्या घरी तारण आल्याचे येशूने जाहीर केले. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू आणि नसा दारूवर चालायला शिकलेल्या असतात. ते शरीराचे बंधन आहे, त्याला औषध लागते.

दर मंडळीत घडू शकणारा प्रसंग पाहा. रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणारा माणूस रविवारी वेदीपुढे गुडघे टेकतो आणि त्याच क्षणापासून एक थेंबही घेत नाही. मन खरे असते, अश्रूही खरे असतात. रविवारी रात्री हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. सोमवारी फिट येऊ शकते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत तिचा धोका असतो. मंगळवारी रात्री, म्हणजे अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान, तो भिंतीवर किडे पाहतो, अंथरूण चाचपतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, बायकोला ओळखत नाही, ओरडत उठतो. अंग तापलेले असते. घरच्यांना वाटते, दारू सोडली म्हणून सैतान चवताळला. मग दार लावून गाणी सुरू होतात, चार जण त्याला धरून ठेवतात, पाणी देणेही राहून जाते. ह्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो, आणि वेळेवर दवाखान्यात नेला तर बहुतेक वेळा वाचतो. अशा वेळी प्रार्थना करायची ती १०८ च्या अँब्युलन्समध्ये बसून.

म्हणून क्रम असा ठेवा. रोज किती, किती वर्षे, शेवटचा पेला कधी, पूर्वी सोडताना फिट आली होती का, हे कागदावर लिहून घ्या. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) यासारख्या सरकारी रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे हा कागद घेऊन जा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू बंद करा. थरथर आणि फिट आवरायच्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस कमी कमी करत देतात, त्या दुकानातून आपल्या मनाने आणू नका. गल्लीतल्या दवाखान्यात ‘नुसते ग्लुकोजचे सलाइन लावा’ असा हट्ट धरू नका. दारुड्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व बहुधा संपत आलेले असते. ते आधी न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि कोणी सांगितले म्हणून दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरॅमची गोळी चहातून, भाजीतून गुपचूप घालू नका. ती पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, मृत्यूही येऊ शकतो. ती गोळी घ्यायची तर नवऱ्याने स्वतः समजून, डॉक्टरांच्या सल्ल्याने. नशामुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

गोळ्या घेतल्या तर देवावरचा भरवसा कमी होतो, असे नणंद म्हणाली तर तिला आपल्याच भागाचा इतिहास सांगा. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी सुवार्तेबरोबर शाळा काढल्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे हॉस्पिटल उघडले. या मातीत ख्रिस्ताचे नाव शाळा आणि दवाखाना बरोबर घेऊनच आले आहे. प्रार्थना आणि औषध यांची भांडणे आपल्याकडे नंतर लागली.

दारू बंद झाल्यावर खरे काम सुरू होते. मत्तय १२ मध्ये येशू एक इशारा देतो : अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून सजवून ठेवले, पण त्यात कोणी राहायला आले नाही, तो आणखी सात घेऊन परतला आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट झाली. रिकामे घर म्हणजे काय ते आपल्याकडे रोज दिसते. संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास. कारखाना सुटला, हातात पैसे आहेत, वाटेत तीच टपरी, तेच मित्र. हे तीन तास कशाने भरायचे ते नावानिशी आणि वारानिशी ठरवा. मंडळीतले दोन पुरुष नेमावेत, त्यांतला एक शक्यतो स्वतः दारूतून सुटलेला असावा. पहिले नव्वद दिवस रोज एक फोन, आठवड्यातून दोनदा भेट. दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या सभा उपलब्ध असतील तर त्याही. पगार बायकोच्या खात्यावर, तोही नवऱ्याच्या संमतीने. घरी येण्याचा रस्ता बदलायचा, लांब पडला तरी. पलिष्ट्यांची वाट देवानेच टाळली होती, त्यात कमीपणा नाही. लग्नाची वरात, जत्रेतले मटणाचे जेवण, निवडणुकीचा धाबा ही पहिल्या वर्षात जाण्याची ठिकाणे नव्हेत.

पाय घसरला तर? बहुतेकांचा एकदा तरी घसरतो. त्याच रात्री भांडू नका, उपदेशही करू नका; शुद्धीत नसलेल्या माणसाला दोन्ही ऐकू येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांपैकी एकाने येऊन विचारावे : काल किती वाजता, कोणाबरोबर, त्याआधी काय झाले होते? उपाशी होता का, कोणी अपमान केला का, पैसे कुठून आले? उत्तरावरून पुढच्या आठवड्याची व्यवस्था बदला. सलग बरेच दिवस पुन्हा पिणे झाले असेल तर परत डॉक्टर, कारण तो फिट आणि भ्रमाचा धोका पुन्हा येतो.

साक्षीची घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती पाळकसाहेबांनाही आहे. तीन आठवडे कोरडा राहिलेल्या माणसाला व्यासपीठावर उभे करून टाळ्या मिळवल्या, की पुढे घसरल्यावर तो शरमेने मंडळीत येणेच सोडतो. मार्क ५ मधला भूतग्रस्त कबरस्तानात राहत होता, साखळ्या तोडत होता. तो बरा झाल्यावर येशूबरोबर फिरायला निघाला, तेव्हा प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवले. आधी घर. वर्षभर बायको-मुलांनी बदल पाहिला की मग त्यांना विचारून साक्ष.

त्याच अध्यायात सुमारे दोन हजार डुकरे बुडाली आणि गावकऱ्यांनी येशूला निघून जायला सांगितले. एका माणसाची सुटका दुसऱ्याच्या धंद्यावर येते. नवरा सुधारला की उधारीवर देणारा गुत्तेवाला, त्याच्या पैशावर पिणारे मित्र, अगदी घरातलेही कोणी अस्वस्थ होतात. इतकी वर्षे सगळा कारभार तुम्ही एकटीने सांभाळला. तो शुद्धीत येऊन ‘पैसे कुठे गेले’ विचारू लागला की तुम्हालाही राग येईल. त्यासाठी तयार राहा, तो राग गैर नाही.

आता कर्जाकडे. सावकाराचा दर महिन्याला दहा टक्के असेल तर पन्नास हजारांवर महिना पाच हजार नुसते व्याज. दहा महिन्यांत मुद्दलाइतके पैसे जातात आणि मुद्दल जागच्या जागी. पाच टक्के असेल तर हेच वीस महिन्यांत होते. म्हणजे हा सौदा मुळात न फिटण्यासाठीच केलेला असतो. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली, पोटची मुले दास्यात दिली, आणि व्याज घेणारे त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने प्रार्थना सभा ठेवली नाही. त्याने सभा बोलावली, सरदारांना तोंडावर जाब विचारला, आणि शेते आणि व्याज परत करायला लावले.

तुम्ही पहिल्यांदा वही घ्या. कधी किती घेतले, कोणत्या तारखेला किती दिले, कोणासमोर दिले, फोनवरून पाठवले असतील तर त्याच्या नोंदी, सगळे लिहा. कोरा चेक, कोरा स्टँप पेपर, जमिनीचा कागद दिला असेल तर तेही लिहा आणि यापुढे असले काही देऊ नका. सावकाराकडे परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, परवानाधारकाचे व्याजही सरकारने ठरवलेल्या दरापुढे जाऊ शकत नाही, आणि बेकायदा सावकारीत लाटलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. धमकी आली तर ११२. एक सावकार फेडायला दुसरा काढू नका, आणि गटाच्या कर्जाने सावकार फेडायचा विचार असेल तर आधी बेरीज करा. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. हप्ते निम्म्यावर गेले की जेवणातून काटछाट सुरू होते.

मंडळीचेही इथे काम आहे. अनुवाद १५ मध्ये आज्ञा आहे की दासाला सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नको. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला भरपूर दे, कारण तूही मिसरात दास होतास. मंडळीत साधा मदतनिधी असावा, बिनव्याजी, परतफेडीची रक्कम घराच्या ऐपतीवर ठरवलेली, हिशेब दोघांच्या सहीने. आणि मंडळीतलाच कोणी गरीब भावाला टक्क्याने पैसे देत असेल तर पंचांनी त्याच्याशी बोलावे, तो कितीही मोठा दशांश देत असला तरी.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती आपल्या शिवारातली आहे. गळीत हंगामात कोल्हापूरच्या कारखान्यांसाठी ऊस तोडायला मराठवाड्यातून कुटुंबे येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरून. तुमच्या किंवा मंडळीतल्या कोणाच्या फडात उचल फिटली नाही म्हणून एखाद्या जोडप्याला अडवून ठेवले असेल, तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे, बांधून घालणारे कर्जच त्या कायद्याने रद्द होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. वेठ बंद करण्यासाठी शाहू महाराजांनी ज्या संस्थानात हुकूम काढले, तिथल्या विश्वासणाऱ्याने निर्गम वाचायचा आणि फडातल्या माणसाकडे बघायचे नाही, हे जमणार नाही.

करणी आणि शाप. ‘बाहेरचे झाले आहे’ हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येते, आणि देवऋषीकडे जायची लाज वाटते म्हणून लोक त्याच कामासाठी एखाद्या प्रार्थनावाल्या भावाकडे जातात. अंगाऱ्याच्या जागी तेल आले, गंड्याच्या जागी रुमाल आला, भीती तीच राहिली. कलस्सै २ सांगते की ख्रिस्ताने वधस्तंभावर सत्तांना व अधिकारांना नागवून त्यांचे उघड प्रदर्शन केले. सैतान खरा आहे, दुरात्मे खरे आहेत, हे मी मानतो. पण करणी करणाऱ्याच्या हातात ख्रिस्ताच्या माणसाचे आयुष्य नाही, हेही तितकेच मानतो. पिढीजात शापाबद्दल यहेज्केल १८ वाचा, पूर्ण अध्याय, मोठ्याने, नणंदेलाही बसवून. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही, असे परमेश्वर स्वतः सांगतो. सवयी पिढ्यांतून उतरतात, दारूची ओढही घराण्यात असते, मारहाण मुलगा बापाकडून शिकतो. दोष मात्र उतरत नाही. घरात लिंबू, दोरा, ताईत असेल तर नवरा-बायकोने मिळून तो काढावा, ‘आम्ही ख्रिस्ताचे आहोत, याची आम्हाला गरज नाही’ एवढे म्हणून कचऱ्यात टाकावा. त्यासाठी कोणी खास माणूस बोलवायला नको. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याला मात्र नावे ठेवू नका. तो विषय तुमच्या सुटकेचा नाही.

प्रार्थना कशी असावी? दोन किंवा तीन माणसे. बाईसाठी प्रार्थना करताना एक बाई असलीच पाहिजे. ज्याच्यासाठी प्रार्थना आहे त्याची संमती असावी आणि तो जेवलेला असावा. मधुमेहाच्या, फिटच्या किंवा नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला उपास घडवू नये. स्तोत्र १३० वाचा. त्याला स्वतःच्या शब्दांत कबुली देऊ द्या, मोघम नव्हे, नाव घेऊन. मग योहानाच्या पहिल्या पत्रातले १:९ त्याच्या डोळ्यांकडे बघून सांगा, की तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करतो. याकोब ५ प्रमाणे वडिलांनी कपाळाला तेल लावून प्रार्थना करावी, पिण्यासाठी तेल देऊ नये. शेवटी सर्वांनी प्रभूची प्रार्थना म्हणावी. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ ही सुटकेची प्रार्थना येशूनेच शिकवली आहे आणि ती रोज म्हणायची आहे. अर्धा तास पुरे. आवाज चढवल्याने अधिकार वाढत नाही. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना.

एवढे करूनही काही बंधने राहतात. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये हेरोदाने याकोबाला तलवारीने मारले, आणि त्याच अध्यायात पेत्राच्या साखळ्या गळून पडल्या. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता, असे लूक कुठेही लिहीत नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा मिळाली. म्हणून बरे न झालेल्या माणसाला ‘कुठेतरी लपलेले पाप असेल’ असे कोणी म्हणू नये. जन्मांधाबद्दल शिष्यांनी तोच प्रश्न विचारला होता आणि येशूने तो तिथेच बंद केला.

तुमच्याबद्दल वेगळे सांगतो. तुम्ही लिहिले नाही, तरी दारूच्या घरात हा प्रश्न विचारावाच लागतो. नवरा मारत असेल तर क्षमा करणे म्हणजे त्या रात्री घरात थांबणे नव्हे. इस्राएलाला फारोशी समेट करायला परत मिसरात जा, असे देवाने सांगितले नाही. कागदपत्रे, थोडे पैसे, मुलांचे दोन कपडे एका पिशवीत तयार ठेवा, एका बहिणीला आधी सांगून ठेवा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तुम्हाला त्याच घरात राहण्याचा हक्कही देतो. मन खचले असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येते. पाळकसाहेब ‘सहन कर’ म्हणाले तर हा परिच्छेद त्यांना दाखवा.

राहिला शुक्रवारच्या सभेचा प्रश्न. सामान्य प्रार्थना सभा असेल, वचन समजावून सांगत असतील, तर जरूर जा. नवऱ्याला मात्र ओढून नेऊ नका. जाण्याआधी नणंदेला चार गोष्टी विचारा. सुटकेसाठी पैसे, किंवा ‘बीज’ म्हणून देणगी मागतात का? शिमोनाने पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावले ते कृत्ये ८ मध्ये आहे, आणि येशूने शिष्यांना फुकट मिळाले ते फुकट द्या असे सांगितले. चालू गोळ्या बंद करायला सांगतात का? फिटच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर एकामागून एक फिट येऊ शकतात. माणसाला बांधतात, मारतात, मिरचीची धुरी देतात का? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षे कैद, आणि तो कोणाच्या नावाने केला याने फरक पडत नाही. लोकांच्या खासगी गोष्टी माइकवर सांगून मोबाइलवर चित्रण करतात का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर जाऊ नका. तिथे पोहोचल्यावर कळले तर शांतपणे उठून या, आणि उठताना कोणी ‘शाप लागेल’ म्हणाले तर त्याला उत्तर न देता पुढची बस धरा.